गडावरील शिबंदीचे जीवन

सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर अशा पुण्याजवळच्या गडांवर शिवकाळात आणि पुढेही जे सैन्य कायम वस्तीला असे, त्याला शिबंदी म्हणत. १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी घेतलेला सिंहगड घरोघरी ठाऊक आहे. गड वर्षानुवर्षे राखणाऱ्या या माणसांकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

गडाचा कारभार अधिकाऱ्यांत वाटलेला असे. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी व हिशेब, कारखानिसाकडे धान्याची कोठारे. सरनोबत शिबंदीवर देखरेख करी. दिवस मावळला की दरवाजे बंद होत, ते उजाडल्यावरच उघडत. पहारेकरी दरवाजाच्या आतल्या देवड्यांत बसत. बाकीची शिबंदी तटाच्या आतील घरांत आणि अलंगांत, म्हणजे लांबट इमारतींत, राही.

गडावरच्या दोन जिवाइतक्या मोलाच्या वस्तू जमिनीच्या पोटात असत: पाणी आणि तोफा-बंदुकांची दारू. पावसाळा संपला की पुढचे आठ महिने कातळात खोदलेल्या टाक्यांवर काढायचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरील ग्रंथात, यावर बारकाईने लिहिले आहे. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, असे त्यात म्हटले आहे. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्चू नये. भर उन्हाळ्यात तहानेल्या माणसांनी भरलेल्या टाक्याला हात न लावणे ही साधी शिस्त नव्हे. सिंहगडाचे देवटाके पाहताना हे आठवावे.

दारूखाना वस्तीपासून दूर ठेवायचा, त्याला तळघर करायचे, त्यात माच, म्हणजे फळ्यांचा मंच, घालून वर दारूची मडकी ठेवायची. सह्याद्रीच्या दमट हवेत दारू सर्द होई. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढायची, उन्हे द्यायची, पुन्हा मोहोर करून ठेवायची.

केरकचऱ्याचाही नियम होता. तो गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात घालून भाजीपाला करायचा. वेढ्यात बाहेरून काही येत नसताना या परसांचे मोल कळे.

राजगडाच्या संजीवनी माचीवर दुहेरी तट आहे. दोन भिंतींमधल्या अरुंद पायऱ्यांनी शिबंदी बाहेरच्या बुरुजात उतरे. तटाखालच्या उतारावर मेटे, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, असत. तिथले मेटकरी आणि गडाभोवतीच्या घेऱ्यातले रामोशी, महार, बेरड रात्रंदिवस रानवाटा राखत. चढून येणाऱ्या शत्रूशी पहिली गाठ त्यांचीच पडे.