उजळाईवाडीचे दोन कोड

कोल्हापूरहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाच्या तिकिटावर आणि बॅगेच्या टॅगवर ‘केएलएच’ छापलेले असते. त्याच विमानाच्या उड्डाण आराखड्यात मात्र कोल्हापूर ‘व्हीएकेपी’ होते. विमानतळ एकच, उजळाईवाडीचा. कोड दोन, कारण ते देणाऱ्या संस्था दोन आणि त्यांची कामेही वेगळी.

छत्रपती राजाराम महाराजांनी उभारलेला हा विमानतळ १९३९ साली सुरू झाला, तेव्हा या दोन्ही संस्था आजच्या रूपात नव्हत्या. अमेरिकेतल्या विमान कंपन्या सुरुवातीला हवामान खात्याचेच दोन अक्षरी संकेत वापरत. दोन अक्षरांच्या जोड्या होतात फक्त ६७६. विमानतळ वाढले तशा त्या अपुऱ्या पडल्या आणि तिसरे अक्षर आले. त्यातून १७,५७६ जुळण्या मिळतात. लॉस एंजेलिसच्या ‘एलए’ला नुसता एक एक्स जोडून ‘एलएएक्स’ झाले, त्या एक्सला काही अर्थ नाही.

१९४५ मध्ये हवाना इथे विमान कंपन्यांची ‘आयाटा’ ही संघटना स्थापन झाली. तिकीट, सामान, वेळापत्रक यांसाठीचे तीन अक्षरी कोड तिचे. चार अक्षरी कोड ‘इकाओ’चे. १९४४च्या शिकागो करारातून जन्मलेली ही आंतरराष्ट्रीय संस्था १९४७ पासून काम करू लागली. हवाई वाहतूक नियंत्रण आणि हवामानाचे अहवाल तिच्या कोडवर चालतात.

मला इकाओची रचना जास्त आवडते, कारण तिला भूगोल कळतो. ‘व्ही’ म्हणजे भारत आणि आसपासचा प्रदेश, ‘ए’ म्हणजे पश्चिम भारत, उरलेली दोन अक्षरे विमानतळाची. शेजारच्या बेळगावचा कोड ‘व्हीओबीएम’ आहे, म्हणजे तो दक्षिण विभागात मोडतो. आयाटाला असा क्रम नाही. बेळगावचे ‘आयएक्सजी’ वाचून गाव ओळखणे अशक्यच. त्या मानाने कोल्हापूरला सरळ, ओळखता येणारी अक्षरे लाभली आहेत.

हे कोड सहसा बदलत नाहीत. १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले, पण कोड ‘बीओएम’च राहिला. तिकिटे, सामान आणि वेळापत्रक यांच्या सगळ्या यंत्रणांत जुना कोड रुजलेला असतो, तो उपटणे सोपे नाही.

गोव्यातून विमान पकडणाऱ्या कोल्हापूरकरांनी तर कोड वाचायलाच हवा. २०२३ पासून तिथे दोन विमानतळ चालू आहेत: ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी आणि ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा.