बैठ्या घराचा नकाशा आणि पश्चिमेची भिंत

प्लॉट घेतला की घरात वाद सुरू होतात ते बेडरूम किती आणि हॉल केवढा यावरून. पश्चिमेची भिंत किती लांबीची असावी, हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. बैठ्या घराला उन्हाळ्यात जो ताप होतो, तो मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: ही भिंत आणि डोक्यावरचा स्लॅब.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. पुणे साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो (हाच शून्य सावलीचा दिवस) आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे मेच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. दक्षिण म्हणजे तापणारी बाजू, हा समज इथे फसतो.

दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढा. २१ मार्चच्या आसपास भर दुपारी त्याची सावली पावणेदोन मीटर खाली उतरते, खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली ६५ सेंटिमीटरच्या आसपास संपते आणि सव्वा मीटर उंचीच्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून कोवळं ऊन घरात येतं. काही उघडायला नको, मिटायला नको.

पश्चिमेला हा हिशेब कोलमडतो. मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य जेमतेम २५ अंशांवर असतो, तेही जवळजवळ समोर. तेवढाच छज्जा तिथे फक्त २८ सेंटिमीटर सावली देतो. वर विटांची भिंत ऊन लगेच आत सोडत नाही, काही तास धरून ठेवते. दुपारी तापलेली भिंत आपल्याला जाणवते ती रात्री, गादीवर पडल्यावर.

म्हणून आकार महत्त्वाचा. हजार चौरस फुटांचं चौरस घर बांधलं तर प्रत्येक भिंत सुमारे ३२ फुटांची होते. तेवढंच क्षेत्रफळ २० बाय ५० मध्ये बसवून लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवल्या, तर पश्चिमेला उरते २० फुटी भिंत. बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी १२६ वरून १४० फुटांवर जाते, म्हणजे खर्च थोडा वाढतो. पण तापणारी भिंत एक तृतीयांशाहून जास्त घटते. शिवाय खिडकीतून येणारा उजेड खोलीत साधारण लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) उंचीच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच नीट पोचतो. लिंटेल सात फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट. वीस फूट रुंदीच्या घरात, दोन्हीकडून खिडक्या असल्या तर दिवसा दिवा लावावा लागत नाही. प्लॉट उलटा, म्हणजे उत्तर-दक्षिण लांबट मिळाला, तर अर्थातच तडजोड करावी लागते.

त्या २० फुटांच्या टोकाला काय ठेवायचं? संडास-बाथरूम, कोठीची खोली, गच्चीचा जिना. इथे कुणी रात्र काढत नाही, आणि बाथरूमची ओल उन्हाने लवकर सुकते. पाण्याचे नळ आणि ड्रेनेजच्या पाइपा एका बाजूला आल्या की प्लंबिंगही स्वस्त पडतं. जागा असेल तर बाहेर उतरत्या छपराची पडवी काढावी. तिची कड खाली आलेली असल्याने तिरपं ऊन बरंच अडतं, आणि पावसाचा मारा भिंतीवर येत नाही.

वास्तुशास्त्रवाल्यांशी इथे थोडं भांडण होणार, कारण मुख्य बेडरूम नैऋत्येला असावी असं ते सांगतात. उष्णतेच्या दृष्टीने मला ही जागा झोपण्यासाठी सगळ्यात वाईट वाटते. स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवा, हे मात्र पटतं: पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, त्यामुळे फोडणीचा वास घरात न फिरता बाहेर पडतो.

वाऱ्याला आत शिरायला जशी वाट लागते तशी बाहेर पडायलाही लागते. एकाच भिंतीत शेजारी शेजारी दोन मोठ्या खिडक्या काढल्या, तरी खोलीत झुळूक फारशी येत नाही. समोरासमोर दोन लहान खिडक्या जास्त काम करतात. रात्री दारं लावली की हा मार्ग बंद होतो, म्हणून आतल्या दारांवर जाळीचे व्हेंटिलेटर ठेवायला गवंड्याला आधीच सांगावं.

उरला स्लॅब. बैठ्या घरात प्रत्येक खोलीच्या डोक्यावर थेट आकाश असतं. तेच क्षेत्रफळ दोन मजल्यांत विभागलं असतं तर छप्पर निम्मं झालं असतं. नकाशा कितीही हुशारीने काढला तरी हे टळत नाही. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा) थर द्यावा, कारण पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवतो. त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, नाहीतर शेवटी पैसे संपले की पहिली कात्री त्यालाच लागते.