यादवी युद्धातल्या जखमी शिपायाची पेन्शन: पात्रता, कागदपत्रे आणि साक्षीदारांचा शोध

अमेरिकेच्या यादवी युद्धातून (1861-65) अधू होऊन परतलेल्या युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या केंद्र सरकारच्या बाजूच्या शिपायाला सरकारी पेन्शन होती. गेलेला हात सगळ्या गावाला दिसे. तो लढाईतच गेला हे कागदावर दाखवताना मात्र जीव मेटाकुटीला येई.

मूळ कायदा 14 जुलै 1862 चा. सैन्यात असताना झालेल्या जखमेने किंवा आजाराने अंगमेहनतीचे काम होईनासे झाले, तर माणूस पात्र. पूर्ण अपंगत्वाला साध्या शिपायाला महिना 8 डॉलर, लेफ्टनंट कर्नल आणि त्यावरच्यांना 30. म्हणजे गोळी तीच, भाव हुद्द्याप्रमाणे! 1864 पासून ठरावीक इजांचे दर वेगळे बांधले गेले: दोन्ही डोळे गेले तर 25 आणि 1866 पासून एक हात किंवा एक पाय गेला तर 15. दक्षिणेकडून लढलेल्यांना यातले काहीच नाही. त्यांना पुढे त्यांच्या त्यांच्या राज्यांनी पेन्शन दिली, तीही बहुधा गरिबी पाहून.

अर्ज शपथेवर करायचा आणि 'हा तोच माणूस' असे सांगणारे दोन साक्षीदार सोबत न्यायचे. सेवामुक्तीचा कागद जोडायचा. पुढे पेन्शन कार्यालय युद्धखात्याकडून पलटणीच्या हजेरीपटाची नोंद मागवी. इस्पितळाच्या वहीत जखमेची नोंद सापडली तर नशीब. नाहीतर तुकडीच्या अधिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र हवे, तो हयात नसेल तर प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोन सोबत्यांचे. वीस वर्षांनी ते सोबती शोधायचे कुठे? कुणी दूर पश्चिमेला जमीन कसायला गेलेला, कुणी वारलेला. शेवटी सरकारने नेमलेले डॉक्टर तपासून अपंगत्वाचे माप ठरवत. वकिलाची फी बराच काळ कायद्याने 10 डॉलरच्या वर नव्हती.

1890 च्या कायद्याने हे ओझे बरेच हलके केले. 90 दिवसांची सेवा, सन्मानाने सेवामुक्ती आणि सध्याचे अधूपण एवढे पुरे. ते युद्धातच आले हे दाखवायची गरज उरली नाही. दर महिना 6 ते 12 डॉलर.

शिपाई गेला की विधवेचा अर्ज वेगळा. लग्नाचा पुरावा, मुलांच्या जन्माचा पुरावा आणि जुन्या कायद्याखाली मृत्यू सेवेमुळेच झाल्याचा पुरावाही. शिपायाच्या विधवेला 8 डॉलर, 1866 पासून सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आणखी 2. गुलामीत संसार केलेल्यांकडे लग्नाचा दाखला कुठून येणार? तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष चाले.

नावाचा घोळ असला की विचारूच नका. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे पती नेल्सन डेव्हिस सैन्यात 'नेल्सन चार्ल्स' म्हणून भरती झाले होते. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करता करता विधवेचे 8 डॉलर हाती पडायला 1895 उजाडले. स्वतः टबमन यांनी युद्धात केलेल्या शुश्रूषेची दखल घेऊन ते 20 करायला काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, 1899 मध्ये खास कायदा करावा लागला.