चांदणी चौक (पुणे)

चांदणी चौक म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला, कोथरूडमधून येणारा पौड रोड जिथे मुंबई-बेंगळुरू हायवेला, म्हणजे आपल्या देहूरोड-कात्रज बायपासला, मिळतो ती जागा. नाव चौक असलं तरी रस्ते चारच नाहीत, इकडे कोथरूड, तिकडे भूगाव-पिरंगुट करत मुळशी, शिवाय बावधन, पाषाण, एनडीए (म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), वारजे, आणि या सगळ्यांच्या मधून साताऱ्याहून मुंबईकडे जाणारे ट्रक.

इथला जुना पूल एनडीए-पाषाण रस्ता हायवेच्या वरून न्यायचा. त्या काळच्या ट्रॅफिकला तो पुरत होता, पण नंतर बावधन वाढलं, हिंजवडीत आयटी आलं, हायवे पुढे-मागे रुंद झाला आणि पुलाखाली मात्र तेवढीच जागा राहिली, म्हणजे बाटलीचं तोंड झालं. त्यात लोकल गाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिथेच एकमेकांत घुसायच्या, सर्व्हिस रोड सलग नव्हता, त्यामुळे नुसतं बावधनहून वारजेला जायचं असलं तरी हायवेवर यावंच लागायचं. खरी चूक ही होती, पूल अरुंद असणं हा तिचा एक भाग.

नव्या कामाचं भूमिपूजन ऑगस्ट २०१७ मध्ये झालं, पण भूसंपादनात वर्षं गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याहून मुंबईला जाताना याच कोंडीत अडकले आणि मग हालचाल वाढली. २ ऑक्टोबर २०२२ ला रात्री एकच्या सुमारास सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून जुना पूल पाडला. स्फोटाने तो पूर्ण पडला नाही, आतल्या सळ्यांनी सांगाडा धरून ठेवला होता, तो शेवटी मशिनने काढला. मग बाजूचा खडक फोडून लेन वाढवल्या. १२ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींच्या हस्ते नव्या चौकाचं उद्घाटन झालं, खर्च सुमारे ८६५ कोटी, आणि सगळे रॅम्प, सर्व्हिस रोड धरून लांबी जवळपास १७ किलोमीटर.

गाड्यांना फरक पडला हे मान्य करायलाच हवं, हायवेवरची तासन्‌तासाची रखडपट्टी बरीच कमी झाली. पण रॅम्प इतके आणि फाटे इतके जवळ जवळ की नवा माणूस हमखास चुकतो, आणि एकदा चुकला की वळसा मोठा पडतो.

सगळ्यात मोठी उणीव पायी चालणाऱ्यांची. ही जागा नुसती गाड्या जाण्याची नाही, इथे माणसं मुंबईची गाडी पकडतात, मुळशीची एसटी बदलतात, रिक्षातून उतरतात. पहाटे बघा, पाठीवर सॅक, एका हातात बॅग, दुसऱ्या हाताने पोराचं मनगट घट्ट धरलेली बाई दुभाजकापाशी उभी असते, ट्रकच्या दोन रांगांत फट दिसली की पळते, कारण तिची गाडी पलीकडे थांबते आणि पलीकडे जायचा सरळ रस्ता गाडीवाल्याला आहे, तिला नाही. पादचारी पूल हवा ही मागणी उद्घाटनानंतर लगेच सुरू झाली ती यातूनच. हे नकाशावर रेघा मारतानाच दिसायला हवं होतं.

सुधारणा करायच्या तर पहिला पादचारी पूलच, आणि तो नुसत्या जिन्याचा नको, लिफ्ट हवी, म्हातारी माणसं सामान घेऊन चाळीस पायऱ्या चढणार नाहीत, ती खालूनच जाणार. पूल उतरेल तिथेच बस थांबायला रस्त्याबाहेर वेगळी जागा हवी, नाहीतर बस लेनमध्ये उभी राहते आणि मागून येणारा ट्रक करकचून ब्रेक मारतो. पाट्या फाट्यावर लावून उपयोग नाही, अर्धा किलोमीटर आधीपासून हव्यात, आणि 'कोथरूड', 'मुळशी' ही नावं रस्त्यावरच लेनमध्ये रंगवली तर पाटी हुकलेल्यालाही कळेल. रॅम्प हायवेला मिळतो तिथे वेग वाढवायला लांब लेन हवी.

जून २०२५ मध्ये केंद्राने वनाज (कोथरूडमधलं मेट्रो स्टेशन) ते चांदणी चौक मेट्रोला मंजुरी दिली, त्यात कोथरूड बस डेपो आणि चांदणी चौक अशी दोन स्टेशनं आहेत. म्हणजे इथे उतरणारी पायी माणसं अजून वाढणार. स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस हायवेवर पाऊल न ठेवता मुंबईच्या बसपर्यंत आणि मुळशीच्या एसटीपर्यंत कसा पोचेल, ती वाट स्टेशनच्या ड्रॉइंगमध्ये आत्ताच काढायला हवी, खांब उभे राहिल्यावर तिला जागा उरत नाही.