पोफळी कोणत्या दिशेला पडल्या?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरी आम्ही सातजण माजघराच्या दाराला पाठ लावून बसलो होतो. सुरुवातीचा वारा डोंगराकडून, म्हणजे आग्नेयेकडून येत होता आणि आगरातल्या पोफळी त्याने समुद्राच्या बाजूला आडव्या केल्या. मग तो एकाएकी पडला. शेजारचे काका, संपले वाटते, असे म्हणत खळ्यात उतरले आणि थोड्याच वेळात समुद्राकडून उलटा वारा सुटला. दुसऱ्या दिवशी आगरात पाहिले, तर निम्म्या पोफळींचे शेंडे समुद्राकडे होते आणि निम्म्यांचे डोंगराकडे.

तो टोर्नॅडोच होता, असे गावात अजून कोणी ना कोणी म्हणतो. त्याचे उत्तर त्या आडव्या खोडांतच आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. ते ईशान्येकडे सरकत असेल, तर वाटेतल्या गावाला आधी आग्नेयेचा वारा लागतो, केंद्र डोक्यावर आले की शांतता होते आणि केंद्र पुढे गेले की वायव्येचा वारा लागतो. शेकडो किलोमीटर पसरलेल्या वादळाचा हा सगळा खेळ काही तास चालतो.

टोर्नॅडो हे एकाच गडगडाटी ढगाचे अपत्य असते. खाली उष्ण व दमट हवा, वर थंड व कोरडी हवा आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा बदलत गेलेली, असे जुळून आले की हवेचा आडवा पीळ ढगात चढणाऱ्या प्रवाहाबरोबर उभा होतो आणि कधीकधी तो जमिनीपर्यंत उतरतो. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटरच असते. त्यामुळे एक घर नाहीसे होते आणि पलीकडच्या अंगणातले तुळशीवृंदावन तसेच उभे राहते. आपल्या उपखंडात हे दुर्मीळ असले, तरी २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या मानिकगंज भागात एका टोर्नॅडोने सुमारे १,३०० माणसे मारली.

पडझडीवरून वारा वाचण्याची विद्या तेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञाने वाढवली. १९४५ मध्ये नागासाकीत, स्फोटाच्या मध्यापासून चहूबाजूंना पडलेली झाडे त्यांनी पाहिली होती. पुढे ढगातून कोसळून जमिनीवर फाकणारा वारा ओळखताना तीच आकृती त्यांच्या उपयोगी पडली. १९७१ मध्ये त्यांनी टोर्नॅडोची प्रतवारी मांडली, तीही नुकसानीवरूनच, कारण भोवऱ्याच्या पोटात वेगमापक क्वचितच टिकतो. या प्रतवारीच्या आजच्या सुधारित रूपात सर्वांत वरच्या वर्गाचा वारा ताशी ३२२ किलोमीटरच्या पुढे असतो.

‘निसर्ग’चा वेग भारतीय हवामान विभागाने ताशी ११० ते १२० किलोमीटर नोंदवला. हा आकडा तुलनेने किरकोळ वाटतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १२० किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ ७० किलो वजनाइतका रेटा देतो. छपरावरून वाहताना तो कौले वर ओढतो आणि एखादे दार उघडले, तर आत शिरून तीच कौले खालून ढकलतो. हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, हा सल्ला मी वादळाच्या आदल्या रात्रीही ऐकला होता. तो साफ चुकीचा आहे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र पोफळींचे झाले. मोडलेल्या आंब्याला बुंध्यावरून धुमारे फुटतात. पोफळीला वाढीचा कोंब एकच असतो, तोही शेंड्यात. शेंडा गेला की खोड उभे असूनही झाड मेलेले असते. आमच्या आगरात अशी बिनशेंड्याची बावीस खोडे उरली होती. पावसाळाभर ती हिरवट दिसत राहिली, म्हणून आईने तोडू दिली नाहीत.