चयापचयाच्या दुर्मिळ विकारांतील घरगुती रक्ततपासणी

जन्मजात चयापचय विकार (अन्नातील घटकांवर शरीरात होणाऱ्या रासायनिक प्रक्रियांत जन्मतः असलेला बिघाड) असलेल्या रुग्णाच्या रक्तातील एखाद्या घटकाची पातळी घरीच बोट टोचून मोजण्याची, किंवा किमान नमुना तरी घरी घेण्याची पद्धत. यांतल्या बऱ्याच विकारांत आहार हाच मुख्य उपचार. जेवण रोज बदलते, आजारपण न सांगता येते, त्यामुळे रुग्णालयात अधूनमधून काढलेला आकडा पुरत नाही.

फेनिलकीटोन्युरियात ही गरज सर्वांत ठळक दिसते. नॉर्वेचे डॉक्टर आस्ब्यर्न फोलिंग यांनी 1934 साली या विकाराचे वर्णन केले. त्यात फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाचे (प्रथिनांच्या एका घटकाचे) रूपांतर करणारे एन्झाइम काम करत नाही. हे आम्ल रक्तात साचून वाढत्या मेंदूला इजा करते. म्हणून डाळ, दूध, अंडी, मासे अशा प्रथिनयुक्त पदार्थांवर कडक बंधने येतात. बारा वर्षांपर्यंत पातळी लिटरमागे 120 ते 360 मायक्रोमोल असावी, आणि पहिल्या वर्षी दर आठवड्याला तपासावी, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तान्ह्या बाळाला घेऊन दर आठवड्याला प्रयोगशाळा गाठणे बहुतेक घरांना झेपणारे नाही.

यावरचा उपाय आजही गाळणकागदाचे कार्ड हाच आहे. अमेरिकेचे रॉबर्ट गथ्री यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला वाळलेल्या रक्तथेंबाची चाचणी रूढ केली. हात कोमट पाण्याने धुवून पुरता कोरडा करायचा, बोटाच्या कडेला टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढच्या मोठ्या थेंबाने छापील वर्तुळ एकाच दमात भरायचे. थेंबावर थेंब टाकला तर आकडा फसवा येतो, कारण प्रयोगशाळा कार्डातून ठरावीक मापाची चकती कापते आणि तिच्यात ठरावीकच रक्त आहे असे धरून चालते. कार्ड उन्हात न ठेवता काही तास आडवे वाळवून टपालाने पाठवतात. पावसाळ्यात पाकिटात ओलावा शोषणारी पुडी हवीच. नमुना शक्यतो सकाळी, खाण्याआधी घ्यावा. तापात शरीर स्वतःचीच प्रथिने मोडते, म्हणून पथ्य काटेकोर असूनही पातळी चढते. अशा वेळी आईला दोष देणे चूक आहे.

निकाल यायला मात्र दिवस लागतात, आणि पालकांची खरी तक्रार हीच आहे. ग्लुकोमीटरसारखे यंत्र इथे करणे अवघड, कारण फेनिलॲलनिन रक्तात साखरेच्या मानाने फारच थोडे असते आणि टायरोसिन या अमिनो आम्लासारख्या जवळच्या रेणूंतून ते वेगळे ओळखावे लागते.

ग्लायकोजेन (शरीरातील साखरेचा साठा) साठवण विकाराच्या पहिल्या प्रकारात साधा ग्लुकोमीटरच जीव वाचवतो. यकृत साठलेली साखर सोडू शकत नाही, त्यामुळे झोपेत साखर धोकादायक खाली जाते. 1984पासून रूढ झालेले कच्चे कॉर्नस्टार्च (मक्याचा स्टार्च) पाण्यात कालवून रात्रीही दिले जाते. त्याची वेळ आणि मात्रा मीटरच्या आकड्यांवर बसवतात. मेदाम्ले (चरबीचे घटक) जाळता न येण्याच्या विकारांत कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारे पदार्थ, मोजणाऱ्या पट्टीवर विसंबू नये: तिथे कीटोन पुरेसे तयारच होत नाहीत, म्हणून कमी आकडा धीर देणारा नसतो.

भारतात 2021च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात विशेष आहारावर चालणारे असे विकार समाविष्ट आहेत. मात्र सर्व नवजातांची चाचणी देशभर होत नसल्याने अनेक मुलांचे निदानच उशिरा होते.

यूरिया चक्राच्या, म्हणजे विषारी अमोनियाचे यूरियात रूपांतर करणाऱ्या प्रक्रियेच्या, विकारांत अमोनिया मोजावा लागतो. काढून ठेवलेल्या रक्तात तो आपोआप वाढतो, म्हणून नमुना बर्फावर ठेवून लगेच तपासावा लागतो. टपालाचे कार्ड इथे निरुपयोगी. मूल सुस्त झाले, उलट्या करू लागले, तर घरच्या कोणत्याही आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.