होड्यांचे पडदे घरी शिवताय? कापड फाडण्याआधी वाचा

होड्या, लाटा, माशांचे थवे छापलेलं सुती कापड आमच्या दुकानातून हल्ली बरंच जातं. तारकर्ली-देवबागचे होमस्टेवाले नेतात, मुंबईकर सुट्टीला आले की नेतात. आणि मग थोड्या दिवसांनी कुणीतरी परत येतं, "अजून अर्धा मीटर द्या हो." तोवर तो तागा संपलेला असतो. नव्या ताग्याचा निळा जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि भर उन्हात खिडकीवर तो फरक लपत नाही.

गोंधळ होतो तो 'उंची गुणिले दोन' या हिशोबात. छापील कापडात डिझाइन ठराविक अंतराने पुन्हा सुरू होतं, त्याला आम्ही रिपीट म्हणतो. आमच्या होड्यांच्या कापडाचा रिपीट ६४ सेंटिमीटरचा आहे.

समजा, रॉडपासून खाली पडदा ८४ इंच हवा. वरची आयलेटची (रॉड ओवायच्या धातूच्या कड्यांची) पट्टी आणि खालची दुमड मिळून १० इंच धरा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, त्याचे ४. झाले ९८ इंच, म्हणजे २४९ सेंटिमीटर. दोन पडद्यांना ४९८. "मग पाच मीटर पुरे की!" साध्या कापडाला पुरेल. होड्यांना नाही. पहिला पडदा २४९ वर कापलात की दुसऱ्यातली होड्यांची रांग ७ सेंटिमीटर खाली उतरते. ते ७ सेंटिमीटर सोडूनच दुसरा पडदा सुरू करावा लागतो, आणि लागतं ५०५. पाच सेंटिमीटरसाठी सगळं अडतं. काहीजण मग दुसरा तुकडा उलटा लावून जमवतात, आणि निम्म्या होड्यांची शिडं जमिनीकडे होतात.

म्हणून आम्ही सव्वापाच मीटर घ्या म्हणतो. जास्तीचं कापड गळ्यात मारतो असं काहींना वाटतं. वाटू दे. उरलेल्या पट्टीत पडदा बांधायचे दोन पट्टे होतात, आणि फाडलेलं कापड आम्ही परत घेत नाही हे आधीच सांगतो.

घरी नेल्यावर लगेच कात्री लावू नका. अख्खा तुकडा रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, जरा ओलसर असतानाच इस्त्री करा. भिजल्यावर रिपीटही थोडा आटतो, तेव्हा दुसरा पडदा टेपने मोजून कापू नका. पहिला तुकडा पसरून त्याच्यावर दुसरा ठेवा, होडीवर होडी आली की मगच कापा.

रुंदीचं माप खिडकीचं नको, रॉडचं आणा. आमचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ५४ इंचांचा. चार-पाच फुटी रॉडला दोन पडद्यांत चुण्या छान पडतात. आयलेट प्रत्येक पडद्याला सम संख्येत, आठ ठीक, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. किनाऱ्यावरच्या घरात लोखंडी आयलेट घेऊ नका. खारा वारा गंज चढवतो आणि तपकिरी डाग कापडावर उतरतो. स्टीलचे आमच्याकडे आहेत, थोडे महाग पडतात.

शिंपल्यांची झालर लावणार असाल तर शिंपले आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून काढा. आत मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात पडद्याची कड ओली राहते. किनाऱ्यावरून उचलताना मोठे शंख तेवढे सोडा. काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. बांधायला काथ्याची दोरी शोभते, पण रंगवलेली असेल तर ओली करून पांढऱ्या चिंधीवर घासून बघा, रंग उतरत नाही ना.

पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावाच, नाहीतर निळा रंग उन्हाने लवकर उडतो. अस्तराचं कापडही आमच्याकडे मिळतं. घरच्या मशीनवर आयलेट बसत नाहीत, तेवढ्यापुरते पडदे दुकानात आणा. येताना रॉडची रुंदी आणि रॉडपासूनची उंची कागदावर लिहून आणा, किती कापड लागेल ते आम्ही काढून देतो.